नऊ नंबरी

पेटीत गोठवलेल्या पेशींच्या चौतीस कुप्या होत्या. मूळच्या छत्तीस: बारा क्लोन, प्रत्येकाच्या तीन. नऊ नंबरच्या दोन वापरून झाल्या होत्या. तिसरी सुनेने चिमट्याने उचलली तेव्हा टाकीतून पांढरी वाफ तिच्या कोपरापर्यंत आली.

"शेवटची," तिच्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या. "सासऱ्यांची अब्रू आता सुनेच्या हातात."

"आणि माझा प्रबंध?"

"तोही त्याच हातात. हात हलवू नकोस."

सासरे याच प्रयोगशाळेत तीस वर्षं तंत्रज्ञ होते. पेशी ज्या प्रथिनाने काचेला घट्ट धरून बसतात, त्याच प्रथिनावर जाऊन बसणारं प्रतिपिंड बनवणारे बारा क्लोन त्यांनी वाढवले होते. बाराही क्लोनची प्रतिपिंडं त्या प्रथिनावर बसत. पण पकड सोडवायचं फक्त एकाचं. "पेशी अशा उठायच्या," ते सांगत, "जसा जेवण झाल्यावर जावई उठतो. मागे वळून बघायचं नाव नाही."

कोणता क्लोन, हे विचारलं की ते हात झटकत. "तेव्हाच पेटीच्या झाकणावर लिहिलंय. लिहून ठेवलेलं डोक्यात कशाला ठेवू?"

झाकणावर काळ्या मार्करने एकच आकडा होता, भोवती गोल. पण मॅडमनी नऊ नंबर दोनदा वाढवून पाहिला होता आणि दोन्ही वेळा पेशी डिंक लावल्यासारख्या बसून राहिल्या होत्या. तेव्हापासून प्रयोगशाळेत सासऱ्यांचं नाव पडलं 'नऊ नंबरी'. दहा नंबरी व्हायला एकच कमी, असं लोक म्हणत. तीन महिन्यांपूर्वी सून त्यांच्या घरात आली आणि ते नाव तिलाही वारसाहक्काने मिळालं.

तीन आठवडे तिने त्या शेवटच्या कुपीतल्या पेशी तान्ह्या बाळासारख्या सांभाळल्या. मग त्यांचं प्रतिपिंड घेतलं, प्लेटच्या खाचांत घातलं, प्रत्येक खाचेत दहा हजार पेशी सोडल्या, तासाभराने प्लेट धुतली आणि मोजलं.

चिकटून राहिलेल्या: नऊ हजार तीनशे.

"शुक्रवारी जुनी टाकी रिकामी करतायत," मॅडम हळूच म्हणाल्या. "पेटीही जाईल. अकरा क्लोन एकेक करून तपासायला वर्ष लागेल, आणि तुझ्याकडे चार महिने आहेत. विषय बदलू या."

तिने आठवण म्हणून झाकण तेवढं मागून घेतलं.

घरी आली तेव्हा पोटात कावळे कोकलत होते. फ्रीजमध्ये सुपाचा डबा होता. सासरे निवृत्तीनंतरही प्रत्येक डब्यावर मार्करने तारीख टाकत. डब्यावर तारीख नऊ, आज दहा. तिने घोटभर प्यायलं आणि मोरीकडे धावली.

"बाबा, हे इतकं आंबलं कसं?"

"आंबणारच," सासरे शब्दकोड्यातून मान वर न करता म्हणाले.

सासूबाई हसत सुटल्या. "धाडसी आहेस गं! मी तर त्या डब्याला हातही लावला नसता."

"मी टाकलेली तारीख कधी चुकत नाही," सासरे म्हणाले.

हे ऐकून तिला हसावं की रडावं कळेना. तिने पिशवीतून झाकण काढलं आणि त्यांच्या कोड्यावर ठेवलं.

"नाही जमलं, बाबा. तिसऱ्यांदाही नाही."

त्यांनी झाकण दोन्ही हातांत घेतलं. कडेवरची धूळ अंगठ्याने पुसली. "माझं अक्षर," ते खुशीत म्हणाले. "बघ, इतक्या वर्षांनी शाई तशीच आहे."

"शाई आहे हो. पेशी काही सुटल्या नाहीत. शुक्रवारी पेटी टाकून देणार आहेत."

"टाकून देणार? का? कुठला क्लोन वाढवलास तू?"

"कुठला म्हणजे? नऊ. तुम्हीच लिहिलाय."

सासरे झाकणाकडे बघत राहिले. मग चष्मा काढून तिच्याकडे. मग सासूबाईंकडे. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला.

"सूनबाई," ते म्हणाले, "मी आकडे मराठीत लिहितो. ते सूप एक तारखेचं होतं."

पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला तिने मोजलं. प्रत्येक खाचेत दहा हजार पेशी. प्रतिपिंड नसलेल्या खाचेत चिकटून राहिल्या नऊ हजार चारशे. एक नंबरच्या प्रतिपिंडात, दोनशे बारा.