आधी साखळी

"आता साखळी कशाला आणखी?" मुकादम खांबाखाली उभा राहून पुटपुटला, वर ऐकू जाईल इतपतच. "स्विच मी स्वतः खाली ओढलाय. फ्यूज तुमच्याच पिशवीत आहेत. गल्ली बोंबलतेय, वहिनी."

गल्ली खरंच बोंबलत होती. वादळात तार तुटून दोन दिवस झाले होते आणि अंतिम सामना वीस मिनिटांवर आला होता. गच्चीवर माणसं, पायऱ्यांवर माणसं, उभ्या स्कूटरवर तिघं. एक आजी भर रस्त्यात खुर्ची टाकून घरातल्या सुनेला ओरडून सांगत होती, "चढली गं, चढली!"

वहिनीने कमरेचा पट्टा खांबाला आवळला. साखळीचं एक टोक तिने आधीच जमिनीतल्या सळईला बांधलं होतं. दुसऱ्या टोकाचा आकडा लांब काठीवर अडकवून तारेपर्यंत न्यायचा होता. तारेत चुकून वीज आलीच तर ती माणसातून न जाता साखळीतून जमिनीत जावी, एवढ्यासाठी.

"तुमच्या घरात एक जण सगळं विसरतो," मुकादम म्हणाला, "आणि दुसरी नको तेही लक्षात ठेवते!"

स्कूटरवरचे हसले. वहिनीही हसली. दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा याच मुकादमाच्या हाताखाली असाच खांबावर होता. 'साखळी लावायला विसरलो,' असं त्याने जबाबात लिहून दिलं होतं. त्याची नोकरी आता तिच्याकडे होती, आणि उरलेल्या एका हाताने तो रोज तिच्या डब्याचं झाकण लावायचा.

"विसरभोळ्याची बायको आहे, भाऊजी. मला विसरून कसं परवडेल?"

तिने काठी उचलली. आकडा तारेला टेकला.

फाट्!

निळी ठिणगी उडाली. आजीची खुर्ची कलंडली. दोन दुकानं पलीकडे एक जनरेटर खोकला आणि बंद पडला.

"आत्ताच लावला हो," दुकानदार शटरमधून बाहेर आला, पांढराफटक. "मोठ्या पडद्यासाठी…" दुकानाचा मेन स्विच बंद करायचा त्याच्याकडून राहिला होता. जनरेटरची वीज उलटी तारेत चढली होती.

"मेन पाड आधी!" वहिनी वरून गरजली. "मग बोल!"

आणि गल्लीने टाळ्या, शिट्ट्या, डबे, जे हाताला लागेल ते वाजवलं. सामना जणू खांबावरच सुरू झाला होता.

अकरा मिनिटांत तार जोडून ती खाली उतरली. साखळी निघाली, फ्यूज बसले, स्विच वर गेला. सगळ्या खिडक्या एकदम पेटल्या. आजी सुनेला मिठी मारून उड्या मारायला लागली. कुणीतरी वहिनीच्या हेल्मेटवरच थाप मारली.

मुकादम साखळी हातावर गुंडाळत होता, सोडत होता, परत गुंडाळत होता. मग तो तिच्याजवळ आला. त्या कल्लोळात त्याला ओरडूनच बोलावं लागलं.

"तो विसरला नव्हता, वहिनी. पिशवीतून बाहेर काढली होती त्याने साखळी. मीच म्हणालो, राहू दे, लोक बोंबलताहेत."