मागच्या बाजूची खोली

नाकावर कुंकू सांडलं आणि स्टेजवरच्या बायकांत एकच हशा पिकला.

"नशीब काढलंसा की, वहिनीसाहेब!" तबक धरलेली बाई ओरडली. "नाकावर कुंकू पडलं की नवऱ्याची लई माया असत्या म्हणं!"

राजनंदिनी लाजल्यासारखं हसली. राजारामपुरीतला तो हॉल खचाखच भरला होता. सत्कार होता संयोगिताबाई इंगवल्यांचा. सिनेमात सोसणाऱ्या बायका करून करून बाईंनी उभ्या महाराष्ट्राला रडवलं होतं, आणि मग पडदा सोडून नवऱ्यांनी घराबाहेर काढलेल्या बायकांसाठी कोल्हापुरात निवारा उघडला होता. निवाऱ्याचं भाड्याचं घर आता मालकानं विकायला काढलेलं. बायका-पोरं घेऊन जायचं कुठं, या घोरानं बाईंच्या तोंडचं पाणी पळालं होतं. अशात कागलच्या एमआयडीसीत कारखाना असलेले उदयसिंह देवासारखे धावून आले. हातकणंगल्याच्या वाटेवरचा आपला दुमजली बंगला त्यांनी निवाऱ्याला द्यायचं कबूल केलं. सोमवारी सह्या व्हायच्या होत्या. आज त्यांच्या बायकोनं, राजनंदिनीनं, बाईंची ओटी भरली, आणि रीतीप्रमाणे बाईंनी उलट तिला हळदकुंकू लावलं. त्यात हे सांडलं.

"थांब गं, पुसते," म्हणत बाईंनी पदर घेतला. नाकावरचं कुंकू टिपता टिपता पदर डोळ्याखाली गेला. पदराला गव्हाळ रंग लागला आणि राजनंदिनीच्या गालावर त्या रंगाखालून दुसराच रंग वर आला. कडेनं हिरवट, मध्ये जांभळा.

 असले डाग बाईंनी जन्मभर तोंडावर वागवले होते. पण ते मेकअपमननं रंगवलेले, शूटिंग संपलं की खोबरेल तेलानं पुसून निघणारे. हा पुसल्यावर दिसायला लागला होता. तो गाल लोकांच्या पलीकडच्या बाजूला होता, एवढंच नशीब.

"हे... कुणी गं?" विचारायची गरज नव्हती, तरी त्यांच्या तोंडून निघून गेलं.  राजनंदिनीची नजर माइककडे गेली. तिथं उदयसिंह रंगात येऊन बोलत होते.

"बाईमाणूस म्हंजे घरची लक्ष्मी, मंडळी! तिच्या डोळ्यात पाणी आलं की त्या घराचं वाटोळं झालं म्हणून समजा!"

 बाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. तेवढ्यात राजनंदिनीनं ओटीच्या नारळाआडून त्यांचं मनगट धरलं.

"गप ऱ्हावा, ताई."

"गप कशी राहू? आत्ता तोच माइक घेते आणि..."

"सोमवार जाऊ द्या." ती ओठावरचं हसू न हलवता पुटपुटली. समोर फोटोवाला होता.

"जळो तो बंगला! माझ्या बायका घेऊन मी रस्त्यावर बसेन, पण ह्या माणसाच्या हातचं घेणार नाही."

"त्येंनी कुठला दिलाय, ताई?" राजनंदिनीची पकड आणखी घट्ट झाली. "पेपरात फोटो यील, गावात नाव हुईल, म्हणून वरीसभर मीच त्येंच्या डोक्यात घातलंय. माझ्या माहेरात बी त्येंचाच शब्द चालतोय. मला जायाला कुठं जागा न्हाय. एकदा कागद झाला की त्या घरावर त्येंचा हक्क ऱ्हाणार न्हाय." ती आणखी जवळ झुकली. "मागच्या बाजूची एक खोली तेवढी कुणाला देऊ नगासा."

बाई मटकन खाली बसल्या. वर्षभर ही पोर नवऱ्याच्या ताटात वाढत होती, त्याचा मार खात होती, आणि त्याच्याच हातून स्वतःसाठी दार करून घेत होती! आणि आपण काल ह्याच माणसाला देव म्हणून हात जोडले. त्यांना स्वतःची भयंकर चीड आली.

"वहिनीसाहेब, जरा इकडं बघा की!" फोटोवाला ओरडला.

राजनंदिनीचे डोळे भेदरले. मान वळवली असती तर अख्ख्या हॉलनं तो गाल पाहिला असता.

निवाऱ्यात आलेल्या प्रत्येक बाईला संयोगिताबाई पहिल्या दिवशी एकच सांगायच्या, मार लपवायचा नाही, चारचौघांत दाखवायचा. त्याच बाईंनी आता पर्समधली मेकअपची डबी काढली. "थांब रे बाबा, कुंकू फिसकटलंय तिचं," असं फोटोवाल्याला मोठ्यानं म्हणत त्यांनी राजनंदिनीचं तोंड आपल्याकडे वळवलं. बोटावर रंग घेतला, डागावर हलकेच थापला, कडा गालात मिसळून दिल्या. हात जराही चुकला नाही. डाग दिसेनासा झाला आणि बाईंना आपल्या हाताची शिसारी आली.

दोघींचा फोटो निघाला. फार छान आला म्हणे.

माइकवर उदयसिंहांचा आवाज चढला. "आणि जाता जाता एक सांगून ठेवतो! उद्या त्या बंगल्याच्या दारात कुणाचा बी नवरा येऊन दंगा करायला लागला, माझी बायको भाईर काढा म्हणायला लागला, तर त्येची गाठ ह्या उदयसिंहाशी हाय!"

हॉल टाळ्या-शिट्ट्यांनी दणाणून गेला. त्यात पहिली टाळी राजनंदिनीची होती.