कडक स्प्रिंग

चंदीगडला संचारबंदी लागली आणि घरी अडकलेल्या गुरुनाथनं मोटारसायकलच्या साइडकारला नवी, कडक स्प्रिंग बसवली. तोल राखायला ठेवलेलं वाळूचं पोतंही काढलं. तरी रिकामी साइडकार दबलेलीच.

"तुझ्याआधी कुणीतरी बसलंय बघ," तो हसला.

"मग उतरवा त्याला. मला कळा येताहेत," पद्मजा म्हणाली.

दुपारी संचारबंदी तासभर उठली. पोट सावरत ती आत बसली, तशी साइडकार अलगद वर आली. गुरुनाथच्या मागची सीट मात्र कुरकुरत खाली गेली. गुरुनाथनं तशीच किक मारली. दवाखाना गाठायचा होता.

मनीमाजऱ्याच्या नाक्यावर जवानानं बंदूक रोखली. डबलसीटला सक्त बंदी होती.

"ओए, पीछेवाले को उतार!"

पद्मजानं मान वर केली. मागं कुणीच नव्हतं. फक्त गुरुनाथचा शर्ट, कमरेपाशी, मुठीत घट्ट आवळल्यासारखा गोळा होत होता.