कोण कुठे बसतं

"हा सातवा गोल कोणाचा?" नवऱ्यानं चहाचा कप थेट प्रबंधावर ठेवत विचारलं.

"कप उचल आधी. आणि ते सांगायचं नसतं. त्यासाठीच तर एवढा खटाटोप केला."

"नको सांगूस. पण आपल्याकडे जेवायला कोण कुठे बसतं ते कागदावर काढलंस, तर नावं कशाला लागतात? दाराकडे तोंड करून तुझे बाबा. शेंबडं पोरही सांगेल."

तिनं प्रबंध पुढ्यात ओढून ते पान पुन्हा पाहिलं.

विद्यापीठात तिला कुलूपताई म्हणत. विषयच तसा होता. संगणकात साठवलेल्या माहितीवरून माणूस ओळखू येऊ नये, म्हणून काय करावं? त्याला तिनं क्वेकर या ख्रिस्ती पंथाचा सामाजिक इतिहास आणि वास्तुरचनेचे सिद्धांत अशा दोन शेपट्या जोडल्या होत्या. तीन विभागांनी मिळून प्रबंध मान्य केला, म्हणजे पुरता कुणीच वाचला नाही.

क्वेकरांच्या सभाघरात पुजारी नाही, प्रवचन नाही. बाकं एकमेकांकडे तोंड करून मांडलेली. सगळे मुकाट बसतात. ज्याला आतून काही ऐकू येतं तो उभा राहतो, बोलतो, खाली बसतो. मधे भिंत नसूनही प्रत्येकाला आपापला आडोसा मिळतो, हा तिचा सिद्धांत. तो पटावा म्हणून तिनं बाकांचा नकाशा काढला आणि प्रत्येक मुलाखतीचा क्रमांक त्या त्या जागी गोलात लिहिला. मार्गदर्शक सर खूश झाले. "हा नकाशा म्हणजे प्रबंधाचं नाक आहे," म्हणाले.

नावं, वयं, धंदे तिनं पुसले होते. बाई की पुरुष तेही कळू नये म्हणून सगळ्यांना पुरुष करून टाकलं होतं. मग स्वतःच लिहिलेल्या प्रोग्रॅमला विचारलं, कुणी ओळखू येतं का? तो म्हणाला, नाही. त्या बिचाऱ्याला अक्षरं वाचता येत होती, चित्रं नाही. आणि सभाघरातली माणसं वर्षानुवर्षं ठरलेल्या जागीच बसत. प्रबंधाच्या नाकानंच चुगली केली होती.

सातवा गोल सिस्टरचा. सिस्टर म्हणजे निवृत्त नर्स. सभाघराच्या मागच्या दोन खोल्यांत राहायची, सभाघर सांभाळायची. मुलाखतीला तिनं आधी दार लावून घेतलं होतं.

"सगळ्यांना आतून ऐकू येतं म्हणे. मला मेलं काहीच नाही. कधीच नाही आलं. डोळे मिटून नुसती बसते. हे कळलं तर मला इथं कशाला ठेवतील? या वयात जाऊ कुठं?"

"काळजी सोडा," कुलूपताई म्हणाली होती. "माझं कामच ते आहे."

आणि प्रबंधाची पहिली प्रत तिनं कृतज्ञतेपोटी सभाघरालाच पाठवली होती.

रविवार होता. ती चपला अडकवून धावली. पोचली तेव्हा सभा भरली होती. प्रत दाराजवळच्या टेबलावर नकाशाशी उघडी पडली होती आणि पानाचा कोपरा बोटांनी मळला होता. म्हणजे वाचून झालं होतं. ती शेवटच्या बाकावर टेकली. आयुष्यात पहिल्यांदा तिच्याकडे सांगण्यासारखं काही होतं, आणि जागा अशी की आतून ऐकू आल्याशिवाय चकार शब्द काढायची सोय नाही.

तिनं सिस्टरला शोधलं. सिस्टर खिडकीखाली बसली होती. सातव्या गोलात नव्हे.

तिथं बसले होते चष्मेवाले काका. पंथातलं सर्वांत वजनदार माणूस; सभा कधी संपवायची तेही तेच ठरवत. कुणी चुळबुळलं तरी त्यांची नजर चष्म्यावरून खाली उतरे. ती मुलाखत मागायला गेली तेव्हा म्हणाले होते, "गप्प बसण्याची कसली मुलाखत घेतेस, पोरी?"

मग तिला आठवलं. बाकांची मापं घेतली त्या रविवारी काका लेकीच्या बाळंतपणाला गेले होते. खिडकीतला वारा झोंबतो म्हणून सिस्टर त्यांच्या जागी सरकली होती. कुलूपताईनं तीच सिस्टरची जागा समजून गोल काढला.

आधी तिला हायसं वाटलं. खोटं कशाला बोला? सिस्टर वाचली. मग तिनं आजूबाजूला पाहिलं. डोळे मिटायचे सोडून सगळे चोरून काकांकडे बघत होते. एकदोघांच्या चेहऱ्यावर तर जुनी वसुली झाल्याचं समाधान होतं. उठून "ते काका नव्हेत" म्हणावं, तर पुढचा प्रश्न ठरलेला. मग कोण? गप्प राहावं, तर न बोललेल्या माणसाच्या माथी बोलणं. एकाला झाकावं तर दुसरा उघडा पडत होता, आणि पांघरूण आखूड कापलं होतं तिनंच.

सिस्टरनं समोरच्या बाकाची कड घट्ट धरली. ती उठू लागली. कुलूपताईनं लांबूनच मान हलवली, नको, नको. सिस्टरनं पाहिलं नाही.

पण काका आधी उठले. चष्मा काढून हातात धरला.

"तो सातवा माझ्या जागेवर आहे," ते म्हणाले. "तुम्ही वाचलंय. तोंडं सांगतायत तुमची. मीही वाचलं."

सिस्टर तशीच अर्धवट वाकून राहिली.

"या पोरीला मी मुलाखत दिलेली नाही. ज्या कुणाचं हे बोलणं असेल, त्यानं खाली बसावं. ते माझ्या नावावर टाका." ते थांबले. "सभा कधी संपवायची ते मला आतून कळतं, असं तुम्ही सगळे समजता ना? मी घड्याळ बघतो."