पिराजीचे कान

तांब्या शहाबादी फरशीवर पडला, दोनदा उसळला, तरी पिराजीची पापणी लवली नाही.

त्याची बायको पार्वतीबाई मात्र पिठाच्या हातानंच स्वयंपाकघरातून धावत आल्या. "काय पडलं ओ भावजी?"

"हातातनं निसटला, वहिनी." प्रेमानंदनं तांब्या उचलून ठेवला. पिराजी खाटेवर बसून चहा फुंकत होता. हातातली बशी थरथरत होती, पण ती तर प्रेमानंद आल्यापासूनच थरथरत होती.

हवालदार प्रेमानंद दुपारीच बीदरहून मोटरसायकल काढून कमठाण्याला आला होता, आणि आल्यापासून त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. काम नको तसलं होतं. दीड वर्षापूर्वी चोरट्या फटाक्यांच्या एका शेडवर धाड पडली आणि शेडच उडालं. शिपाई पिराजी दारात होता, प्रेमानंद त्याच्या चार पावलं मागं. पिराजीनं दोन महिने दवाखान्यात काढले. दोन्ही कान गेले म्हणून त्याचे अपंगत्वाच्या पेन्शनीचे कागद आता मेडिकल बोर्डापुढं निघाले होते. प्रेमानंदच्या अंगावर ओरखडाही नव्हता. ठाण्यातले सगळे त्याला नशीबवान म्हणत. त्यानंही मग वायरलेसची ड्यूटी सोडून कागदपत्रांचं टेबल मागून घेतलं होतं.

आणि आता कुणीतरी निनावी अर्ज ठोकला होता. पिराजीला लख्ख ऐकू येतं म्हणून.

सर्कल इन्स्पेक्टर साहेबांनी प्रेमानंदला बोलावलं. साहेब झुबकेदार मिशीचे, त्यात कानडी बोलणार भरभर. "लिहून द्या साहेब, विसरायला नको," असं प्रेमानंद नेहमीसारखंच म्हणाला. साहेबांनी वैतागून चिठ्ठी खरडली. तू त्याला ओळखतोस, खरं काय ते बघून ये, चारला फोन करतो. खाली आणखी एक ओळ होती. एएसआयच्या बढतीच्या यादीत तुझं नाव आहे, घोळ घालू नकोस.

प्रेमानंदला फोनवर बोलायचा भारी कंटाळा. चारच्या आत मेसेज टाकून मोकळं व्हावं म्हणून तो सारखा भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होता. साडेतीन झाले होते. पार्वतीबाई आत जाता जाता काहीतरी म्हणाल्या, त्याचं लक्ष नव्हतं. त्या परत दारात आल्या.

"दोनदा इचारलं ओ. चहात साखर अजून घालू का?"

"नको, बास."

खिडकीचा उजेड पिराजीच्या तोंडावर पडेल अशी खुर्ची ओढून तो समोर बसला. पिशवी खुर्चीच्या पाठीला अडकवली. मग पुन्हा उठला, पाणी प्यायच्या निमित्तानं पिराजीच्या मागं गेला आणि म्हणाला, "पिराजी, पायाखाली साप हाय."

पिराजीनं चहाचा घोट घेतला.

प्रेमानंदला हायसं वाटलं. पोरगं खरं निघालं म्हणायचं. दुसरं कुठलंही सोंग त्यानं एक वेळ पोटात घातलं असतं, बहिरेपणाचं नाही. त्याचा त्याला मनस्वी संताप होता.

"आता हाका मारून मारून माझा घसा गेला," पार्वतीबाई म्हणाल्या. "समोर बसून बोललं की ओठ बघून जमंल तेवढं वळखतेत. न्हाईतर ही पाटी."

"सोपं नसतंय ते, वहिनी," प्रेमानंद म्हणाला. आणि बोलता बोलताच त्याला ती युक्ती सुचली. ठाण्यात दुसऱ्या कुणालाही ती सुचली नसती.

त्यानं खांद्यावरचा टॉवेल काढला. चेहऱ्यावरचा घाम टिपला, गळा पुसला. मग टॉवेल तसाच तोंडावर धरून, पिराजीकडं बघत, मायेनं विचारलं, "झोप लागती का रे पिराजी?"

"न्हाई ओ अण्णा," पिराजी म्हणाला. "डोळा लागला की शेडच दिसायलंय. हे हात बघा, थांबतच न्हाईत."

मग त्याला टॉवेल दिसला. बशी त्यानं खाली ठेवली.

"ओठ दिसले व्हय रे टॉवेलातनं?" प्रेमानंद म्हणाला.

पार्वतीबाई उंबऱ्यातच बसल्या. "भावजी, कान भरून आले ह्येंचे. माणूस न्हाई भरून आला. खाकी बघितली की घाम फुटतोय. दोन डॉक्टरास्नी सांगितलं, ते म्हणाले, भ्या वाटतंय म्हणून कुणी पेन्शन देत न्हाई. कान म्हटलं की देतेत. मग काय करावं माणसानं?"

"खोटं करू नये. कान गेल्यावर काय होतंय ते ठाऊक हाय का तुमाला?"

"तुमाला तरी काय ठाऊक?"

प्रेमानंदनं टॉवेल खांद्यावर टाकला. त्यानं अहवालाचा कागद मांडीवर घेतला. पिराजीची नोकरी जाणार, वर खोटेपणाचा गुन्हा लागणार, हे त्याला कळत होतं. वाईटही वाटत होतं. पण राग त्याहून मोठा होता. मान खाली घालून तो लिहीत राहिला. एक ओळ खोडली, पुन्हा लिहिली. सदर शिपायास दोन्ही कानांनी स्पष्ट ऐकू येते. त्याखाली सही केली, तारीख घातली आणि मान वर केली.

घड्याळात चार वाजून पाच मिनिटं झाली होती.

पार्वतीबाई त्याच्या खुर्चीमागं अडकवलेल्या पिशवीकडं बघत होत्या. पिराजी त्याच्याकडं बघत होता, आणि त्याचे हात पहिल्यांदाच स्थिर होते. तो खाटेवरून पुढं सरकला, तोंड नीट उजेडात आणलं आणि एकेक शब्द सुटा करून, सावकाश म्हणाला,

"अण्णा, तुमच्या पिशवीतला फोन मघाधरनं वाजायलाय."