जामिनाची अट

"आरोपी पळून जाईल, अशी भीती आहे," सरकारी वकील म्हणाले. "नोकरी परदेशात, घर परदेशात. इथं त्याचं आहे कोण?"

मागच्या बाकावरून वडील उठले. "मी आहे."

कोर्टात खसखस पिकली. न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

प्रकरण वरच्या मजल्यावरच्या वहिनींच्या सोन्याच्या बांगड्यांचं होतं. सुट्टीवर आलेला मुलगा परत निघायच्या दिवशी पोलिसांनी इमारत तपासली आणि बांगड्या त्याच्या बॅगेत, मोज्यांच्या घडीत निघाल्या. आपल्याला यातलं काही ठाऊक नाही, असं तो सांगत होता. असं सगळेच सांगतात.

"आजोबा, हा घरी कितीदा येतो?"

"याआधी एकदाच आला होता. त्याची आई गेली तेव्हा. दोन दिवस उशिरा."

बाईंनी समोरचा कागद उलटला. "आणि जामिनावर पळाला तर?"

"पासपोर्ट ठेवून घ्या, बाईसाहेब. मग पळून पळून पळेल कुठं?"

मुलाच्या वकिलांनी कपाळाला हात लावला. अशिलाचा बापच सरकारी वकिलाचं काम हलकं करत होता.

जामीन मिळाला. पासपोर्ट कोर्टात जमा, राहायचं वडिलांकडे, खटला संपेपर्यंत शहर सोडायचं नाही.

"संपेल कधी?" बाहेर आल्यावर मुलानं विचारलं.

"तारखा पडत राहतात," वकील म्हणाले. "वर्षं जातात."

मुलगा मटकन पायरीवर बसला. नोकरी गेल्यातच जमा होती. वडिलांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "चल घरी. दोघांचा स्वयंपाक करायची सवय मोडलीय माझी, मीठ कमीजास्त झालं तर सांभाळून घे."

संध्याकाळी तो तिकडच्या साहेबाची फोनवर मनधरणी करत बसला. वडील वहिनींची माफी मागायला वर गेले.

"या, भावजी," वहिनी म्हणाल्या. "माझंच मन मला खातंय हो. पोरगं डोळ्यांदेखत वाढलं. बांगड्या तर सापडल्या, मग कशाला त्याच्या जन्माचं वाटोळं करू? उद्याच जाऊन तक्रार मागे घेते. जाऊ दे त्याला सुखानं."

वडील दारातच थबकले. खालच्या घरातून बोलण्याचा आवाज येत होता. त्या घरातून कुणाचा आवाज येण्याची सवयच राहिली नव्हती.

"एवढ्यात नको, वहिनी," ते हळूच म्हणाले. "पुन्हा त्याच्या बॅगेत काही ठेवायचा धीर माझ्याच्यानं होणार नाही."