दुखलं की सांगा

"दुखलं की सांगा, सार," फिजिओथेरपिस्ट महालक्ष्मी तमिळमध्ये म्हणाली आणि तिने पहिली सुई टोचली.

सीतारामराव टेबलावर पालथे पडले होते. टेबलाला तोंडाच्या जागी भोक होतं. त्यातून त्यांना फरशी दिसत होती आणि तिच्या निळ्या चपला. शर्ट पाठीवर गुंडाळलेला, नेसूची वेष्टी कमरेखाली सरकवलेली. ओरत्तनाडूच्या कचेरीत ज्यांच्यासमोर कुणी मोठ्याने बोलत नसे, त्यांच्यावर ही वेळ आली होती. त्यांना लाज वाटायला हवी होती. तीही वाटली नाही.

"दुखलं?"

"नाही."

"औषध कुठलं आहे यात?" कोपऱ्यातल्या खुर्चीतून त्यांच्या मुलीने, अखिलाने विचारलं.

"औषध नसतं. नुसती सुई." महालक्ष्मीने आणखी एका सुईची बारीक नळी कंबरेवर टेकवली आणि वरून बोटाने टिचकी मारली. "स्नायूत गाठी धरल्यात. सुई नेमकी लागली की तो उडतो, मग जरा सैल पडतो. कंबर कायमची बरी होईल असं मी म्हणत नाही. पण गुरुवारी जमिनीवर बसता येईल बहुतेक."

गुरुवारी त्यांच्या पत्नीचं, भागीरथीबाईंचं वर्षश्राद्ध होतं. मुलगा नाही, तेव्हा करणारे सीतारामरावच. आणि कंबर अशी की, पाटावर बसायला गेलं तर मधेच अडकायची.

"अप्पा, खुर्ची पुरे म्हणून शास्त्रीबुवाच सांगिटले की," अखिला घरच्या तंजावरी मराठीत म्हणाली. "आता अस्के लोक खुर्चीतच बसतात."

"बसू देत." सीतारामरावांचा आवाज टेबलाखालून आला. "मी जेवायलासुद्धा कधी टेबलाला बसलो नाही. आणि तिला पिंड खुर्चीतून देऊ?"

चेन्नईहून रजा काढून अखिला आली होती, ती या हट्टापायीच. तिला हट्टाचं काही वाटत नव्हतं. हट्ट तरी शिल्लक आहे, याचं बरंच वाटत होतं. बाकी माणूस सगळा बधिर झालेला. काल ती सांबारात मीठ घालायला विसरली, तर अप्पांनी दोनदा वाढून घेतलं. आई गेली तेव्हाही ते रडले नव्हते. आल्यागेल्यांना कॉफी मिळाली का, तेवढं विचारत होते.

मघाशी आत आल्यावरही तेच झालं. कंबर केव्हापासून दुखते, सकाळी जास्त की संध्याकाळी, दहापैकी किती, असं महालक्ष्मी विचारत राहिली आणि सीतारामराव उजवीकडच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिले. शेवटी अखिलालाच सांगावं लागलं, "डॉक्टरशी आईच बोलायची." दहापैकी किती, ते तिलाही ठाऊक नव्हतं. महालक्ष्मीने अंदाजाने सात लिहिलं.

आता सुई पुन्हा आत गेली आणि कंबरेवरची कातडी थरथरली, माशी बसल्यावर म्हशीची थरथरते तशी. अखिलाने डोळे मिटून घेतले.

"उडाला!" महालक्ष्मी खूश झाली. "आता तर दुखलंच असेल."

"नाही."

"बहुतेक लोक ओरडतात इथे."

"बरं," सीतारामराव म्हणाले.

त्यांना खरंच काही कळत नव्हतं. कुणीतरी दुसऱ्याच्या घराची कडी वाजवावी तसं काहीतरी होत होतं. ते फरशीकडे बघत राहिले. एका फरशीचा कोपरा उडालेला होता. त्या जागी कुणीतरी सिमेंट भरलं होतं, पण रंग जुळला नव्हता.

सुया निघाल्या. महालक्ष्मीने कंबर पुसली, त्यांना कुशीवर वळवलं, हळूहळू बसतं केलं, उभं केलं. मग कोपऱ्यातली सतरंजी ओढून जमिनीवर पसरली.

"बसून दाखवा. घाई नको."

सीतारामरावांनी वेष्टी सावरली. टेबलाची कड धरून ते वाकले, गुडघ्यावर आले, थांबले. अखिलाचा श्वास अडकला. पण कंबर अडकली नाही. ते खाली टेकले, एक पाय घेतला, दुसरा घेतला, आणि मांडी घालून बसले. ताठ बसले.

"अप्पा!" अखिला उठलीच. "बसलात की! गुरुवारचं काम झालं."

महालक्ष्मी हातमोजे काढता काढता हसली. सीतारामरावही जरासे हसले. समोर केळीचं पान मांडलेलं असावं तसे ते थोडा वेळ बसून राहिले.

"छान. आता उठा," महालक्ष्मी म्हणाली.

सीतारामरावांनी उजवा हात वर केला. बाजूला, खांद्याच्या जरा वर, पंजा उघडा. तिकडे बघितलंही नाही. जेवण झालं की पाटावर बसल्याबसल्या हा हात असाच वर व्हायचा आणि भागीरथीबाई स्वयंपाकघरातून येऊन, पदराला हात पुसत, ओढून त्यांना उभं करायच्या. आजोबांच्या श्राद्धाला दर वर्षी तेच. अखिलाने जन्मभर हे पाहिलं होतं. कंबरेचं दुखणं आलं त्याच्या कितीतरी आधीपासून.

ती पुढे झाली, आणि दोन पावलांवर थांबली. तिचा हात उचलेना.

महालक्ष्मीला काही समजलं नाही. ती खाली वाकली.

"काय झालं, सार? दुखतंय?"

"हो," सीतारामराव म्हणाले.

"कुठे? दाखवा मला."

सीतारामरावांनी हात खाली घेतला नाही.